चेहऱ्याचा लकवा: आरशासमोरचे व्यायाम कधी, कोणते आणि किती जोराने

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळतं. आरशात पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं दिसतं आणि एक डोळा मिटतच नाही. बहुतेकांना चेहऱ्याचा लकवा असाच, एका रात्रीत झाल्यासारखा कळतो. घरात घबराट उडते आणि संध्याकाळपर्यंत सल्ल्यांचा ढीग जमतो: फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, गाल जोरात चोळा, करंट लावून घ्या. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हे सगळं आधीच करून आलेली माणसं मला सतत भेटतात. म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगते. चेहऱ्याच्या स्नायूंना जोर नको असतो, नेमकेपणा हवा असतो. हातापायाच्या व्यायामाचं गणित इथे लागू होत नाही, आणि जोरात, घाईने केलेला व्यायाम पुढे काही महिन्यांनी त्रासाचा ठरू शकतो.

व्यायामाच्याही आधी: हा लकवा कोणता?

दोन्ही भुवया वर उचलून पाहा. लकवा चेहऱ्याच्या नसेचा असेल तर त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत, भुवई जागची हलत नाही. कपाळ दोन्हीकडे नीट हलतंय आणि फक्त तोंड वाकडं झालंय, तर मेंदूतल्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न असण्याची शक्यता मोठी. कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून आदेश मिळतात. एक बाजू बंद पडली तरी दुसरी सांभाळून घेते. हातात किंवा पायात कमजोरी, जड जीभ, चक्कर, दोन-दोन दिसणं यांपैकी काहीही सोबत असेल तर वेळ न घालवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. ही कपाळाची खूण फक्त सावध करण्यासाठी आहे. घरी निदान करून थांबू नका. खूण काहीही सांगत असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

त्याच दिवशी का, याला ठोस कारण आहे. कारण न सापडणाऱ्या, अचानक आलेल्या चेहऱ्याच्या लकव्याला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसेचं काम मांडणाऱ्या चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाचं नाव त्याला मिळालं आहे. यात स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर फायदा नक्की होतो. स्कॉटलंडमधल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९ महिन्यांनंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोक पूर्ण बरे झालेले होते. एवढा फरक कोणताही व्यायाम पाडू शकत नाही. मधुमेह असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण या दोन्ही स्थितींत हा लकवा जास्त आढळतो आणि स्टेरॉइडने साखर वाढते.

काही लक्षणं दिसली तर वेगळी तपासणी लागते. कानात किंवा कानाभोवती पाण्याचे फोड आणि जबर दुखणं (हे नागिणीच्या विषाणूमुळे असू शकतं), कान वाहणं, डोक्याला मार, दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडणं, किंवा आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढत जाणारी कमजोरी. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: कुष्ठरोगातही चेहऱ्याच्या नसेला इजा होऊन डोळा मिटेनासा होतो. अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा असेल तर तोही दाखवा.

नसेत नेमकं काय बिघडतं

मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी ही सातवी. कानामागच्या हाडातल्या अरुंद, वळणाच्या बोगद्यातून ती चेहऱ्यावर येते. नस सुजली की त्या हाडात तिला फुगायला जागा नसते, ती दाबली जाते आणि आदेश पोहोचेनासे होतात. स्नायू जागेवर शाबूत असतात. म्हणून पहिल्या काही दिवसांत कितीही जोर लावला तरी हालचाल होत नाही. निरोपच पोहोचत नाही तर स्नायू काय करणार? हीच नस जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणि कानातल्या एका चिमुकल्या स्नायूचं काम सांभाळते. त्यामुळे भाजीला चव लागत नाही किंवा कुकरची शिट्टी असह्य मोठी वाटते, तेव्हा घाबरू नका. तो याच आजाराचा भाग आहे.

पहिली पायरी: डोळा

पहिल्या दिवसापासून करायचं सर्वात महत्त्वाचं काम हे आहे. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडं पडतं, त्यावर ओरखडे येतात, जखम झाली तर नजर कायमची अधू होऊ शकते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब आठवणीने घाला. रात्री मलम घाला आणि पापणी टेपने बंद करा.

टेप लावण्यात चुका फार होतात, म्हणून सविस्तर सांगते. मलम डोळ्याच्या आत घाला आणि पापणीवर आलेलं पुसून टाका, नाहीतर टेप चिकटत नाही. खाली पाहा, बोटाच्या मागच्या बाजूने वरची पापणी हलकेच खाली आणा, ती पूर्ण मिटली आहे याची खात्री करा आणि मगच कागदी टेप लावा. पापणी अर्धवट उघडी असताना वर कापसाची किंवा गॉझची पट्टी बांधू नका. ती बुबुळावर घासत राहते. बाहेर जाताना गॉगल किंवा साधा मोठा चष्मा लावा, दुचाकीवर तर हेल्मेटची काच खाली ठेवा. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

दिवसातून तीन-चार वेळा पापणीचा हा ताण द्या. खाली जमिनीकडे पाहा. तर्जनीची मागची बाजू वरच्या पापणीवर ठेवून ती मिटलेली धरा. दुसऱ्या हाताने भुवई हळूच वर उचला आणि १० ते १५ सेकंद धरून सोडा. पापणी वर खेचणाऱ्या स्नायूची नस वेगळी असते आणि ती चांगली असते, त्यामुळे तो आखडत जातो. हा ताण ते आखडणं रोखतो.

दुसरी पायरी: हालचाल नसतानाचे दिवस

हा काळ काही दिवसांचा किंवा काही आठवड्यांचा असतो. डेन्मार्कमध्ये औषधाविना पाहिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांत पहिल्या तीन आठवड्यांत हालचाल परतायला सुरुवात झाली होती. तेव्हा या टप्प्यात चेहरा ओढून-ताणून काहीही करू नका. मोठं हसण्याचा प्रयत्न केला तर काम चांगली बाजूच करते, ती आणखी जोरात ओढते आणि वाकडेपणा वाढलेला दिसतो. मन खचतं ते वेगळंच.

या दिवसांत हलका मसाज करा. हात धुवा, बोटांना थोडं खोबरेल तेल लावा. कपाळावर भुवईपासून केसांच्या दिशेने, गालावर ओठांच्या कोपऱ्यापासून कानाकडे वर, हनुवटीपासून जबड्याच्या कडेने कानापर्यंत. दाब इतकाच की कातडी खालच्या मांसावर सरकेल. लुळ्या बाजूला दिशा नेहमी वर आणि बाहेर. खाली ओढायचं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. चांगल्या बाजूलाही मसाज हवा, पण तिथे उद्देश उलटा आहे: ती सतत ओढून दमलेली आणि ताठरलेली असते, तिला सैल करायचं. तिथे गालावर बोटं ठेवून कानाकडून ओठांकडे हलकेच आणा.

मसाजनंतर आरशासमोर ‘मदतीची हालचाल’ करा. लुळ्या बाजूची भुवई बोटाने हलकी वर उचला आणि मनात भुवई उचलण्याचा विचार करा. ओठाचा कोपरा बोटाने जरासा कानाकडे न्या आणि हलकं स्मित मनात आणा. प्रत्येक हालचाल तीन ते पाच वेळा पुरे. शेक घ्यायचा असेल तर कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल पाच मिनिटं ठेवा, डोळा सोडून. गरम वाळूच्या पुरचुंड्या, तिखट पाल्याचे लेप, कबुतराचं रक्त असलं काही चेहऱ्यावर लावू नका. उघड्या डोळ्यात ते गेलं तर होणारी इजा लकव्यापेक्षा वाईट ठरते.

जेवताना घास चांगल्या बाजूला ठेवा. लुळ्या गालात पोह्याचे कण, शेंगदाण्याचे तुकडे साचतात आणि कळतही नाही. प्रत्येक खाण्यानंतर बोट फिरवून चूळ भरा. पाणी पिताना ओठाचा लुळा कोपरा बोटाने मिटून धरा. बोलतानाही गालाला तळहाताचा आधार दिलात तर शब्द स्पष्ट येतात आणि चेहरा कमी ओढला जातो.

तिसरी पायरी: हालचाल दिसू लागली की आरशाचं काम

खरा व्यायाम इथे सुरू होतो. हात हलवताना तो कुठे आहे हे डोळे मिटूनही कळतं, कारण स्नायूंमध्ये ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते. चेहऱ्याच्या स्नायूंत ती जवळजवळ नसते. म्हणून आपण किती हललो हे चेहऱ्याला आतून नीट कळत नाही. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. आरशाशिवाय केलेला चेहऱ्याचा व्यायाम अंदाजाने केलेला असतो.

शांत खोली निवडा. समोरून उजेड येईल असं बसा, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, आरसा डोळ्यांच्या उंचीवर. सुरुवातीला एक मिनिट काहीच करू नका. खांदे सैल, जबडा सैल, दात एकमेकांपासून किंचित सुटे. चांगली बाजू जितकी शांत होईल तितका चेहरा सरळ दिसेल. हा ‘विश्रांतीचा चेहरा’ प्रत्येक व्यायामानंतर परत आणायचा आहे.

नियम तीन. हालचाल लहान आणि हळू. दोन्ही बाजू सारख्या हलतील एवढीच. लुळी बाजू दोन मिलिमीटर हलत असेल तर चांगल्या बाजूलाही तेवढ्यावर थांबवा, गरज पडली तर बोटांनी धरून. आणि दुसरी कुठलीही जागा सोबत हलता कामा नये. हालचाल तीन सेकंदांत करा, तीन सेकंद धरा, तीन सेकंदांत सोडा. प्रत्येकी पाच वेळा. एका वेळी चार-पाच व्यायाम, साधारण दहा मिनिटं, दिवसातून दोन ते तीन वेळा. चेहरा थरथरू लागला किंवा हालचाल आधीपेक्षा कमी होऊ लागली तर तिथेच थांबा.

भुवई: दोन्ही भुवया किंचित वर, आश्चर्य वाटल्यासारख्या. चांगल्या बाजूवर बोटं टेकवून ती अडवा. मग उलट, भुवया जवळ आणून हलकी नाराजी.

डोळा: यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. जोराने डोळे गच्च मिटायचा मोह होतो, तो टाळा. आधी नजर खाली, छातीकडे न्या. खाली पाहिलं की पापणी आपोआप उतरते. मग ती उरलेलं अंतर जाईल एवढंच मनात आणा, बोटाची हलकी मदत घ्या. लुळ्या डोळ्याचं बुबुळ मिटताना वर सरकतं, हे बहुतेकांत होतं. खाली पाहण्याने ते आवरतं. ओठ आणि गाल या वेळी अगदी स्थिर हवेत.

नाक: वाईट वास आल्यासारखं नाकाच्या बाजूला हलक्या सुरकुत्या. मग नाकपुड्या किंचित फुगवा.

स्मित: ओठ मिटलेले. कोपरा वर आणि मागे, कानाच्या दिशेने. चांगली बाजू तळहाताने रोखा. दात दाखवून हसणं नंतर, मिटलेल्या ओठांचं स्मित सारखं जमू लागल्यावर.

ओठ: शिट्टी वाजवायला नेल्यासारखे ओठ पुढे, गोल. बरेचदा सगळा गोळा चांगल्या बाजूला सरकतो. नाकाच्या शेंड्याखाली ओठांचा मध्य राहतोय का ते आरशात बघा. मग ओठ एकमेकांवर हलके दाबून सोडा, लिपस्टिक लावल्यावर दाबतात तसे.

गाल: ओठ मिटून गालात थोडीशी हवा, ती एका गालातून दुसऱ्या गालात हलवा. हवा निसटत असेल तर ओठांचा कोपरा बोटाने धरा. फुगा फुगवणं मात्र नको. त्यात सगळे स्नायू एकाच वेळी, बेसुमार जोराने कामाला लागतात आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे. च्युइंगमचंही तसंच, चघळण्याचे स्नायू वेगळ्या नसेवर चालतात, त्यांना लकवा झालेलाच नसतो.

खालचा ओठ आणि हनुवटी: खालचा ओठ थोडा खाली, खालचे दात किंचित दिसतील असा. मग हनुवटी वर नेऊन ओठ पुढे, रुसल्यासारखा.

पहिल्या दिवशी सगळे व्यायाम करू नका. जिथे हालचालीचा अंकुर दिसतो ते दोन-तीन निवडा. जिथे काहीच हलत नाही तिथे मदतीची हालचाल चालू ठेवा.

अक्षरांचा सराव

आपल्या वर्णमालेतला प-वर्ग या कामासाठी उत्तम आहे. प, फ, ब, भ, म यांना ओठ पूर्ण मिटावे लागतात. आरशासमोर एकेक अक्षर सावकाश म्हणा, मग शब्द: पापड, पोपट, बाभूळ, भोपळा, मामा, पिंपळ. ‘प’ म्हणताना हवा लुळ्या कोपऱ्यातून फुर्रकन निसटते का ते ऐका. निसटत असेल तर तो कोपरा बोटाने टेकवून तोच शब्द पुन्हा म्हणा. मग स्वर जोडीने घ्या: ‘ई’ला ओठ रुंद, ‘ऊ’ला गोल. ई-ऊ, ई-ऊ, घाई न करता. घरात रोज म्हटली जाणारी आरती किंवा श्लोक आरशासमोर संथपणे म्हणणंही चांगलं. पाठ असल्याने सगळं लक्ष ओठांवर देता येतं.

चौथी पायरी: एक हलवलं की दुसरंच हलतं तेव्हा

ज्यांचा लकवा पूर्ण आणि लांबलेला असतो, त्यांच्यात साधारण तीन-चार महिन्यांनंतर एक नवं चित्र दिसू लागतं. हसलं की डोळा बारीक होतो. डोळा मिटला की ओठाचा कोपरा उडतो. जेवताना त्या डोळ्यातून पाणी येतं. गाल ताठ, मानेवर दोऱ्या उभ्या. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढते, आणि वाढताना काही तंतू चुकीच्या स्नायूंत शिरतात. इमारतीची वायरिंग पुन्हा करताना वरच्या मजल्याच्या बटणाला खालच्या मजल्याचा दिवा जोडला जावा, तसं होतं.

इथे जोरदार व्यायाम पूर्ण बंद. बटण जितक्या जोराने दाबाल तितका दुसरा दिवाही जोरात पेटेल. आता काम तीन गोष्टींचं. पहिली, सैल करणं: स्वच्छ धुतलेला अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर, गालातला आखडलेला दोरा शोधा आणि तो हळूच ओठांच्या दिशेने ताणून ३० सेकंद धरा. दुसरी, विश्रांतीचा चेहरा दिवसभर पुन्हापुन्हा आणणं. फोनवर बोलताना, सिग्नलला थांबल्यावर, स्वयंपाक करताना जबडा आणि गाल सैल सोडा. तिसरी, हालचाली वेगळ्या करणं. डोळा उघडा, आरशावर नजर. आता स्मित सुरू करा आणि डोळा बारीक व्हायला लागतो त्याच क्षणी थांबा. तो क्षण अगदी लवकर येतो, कधी ओठ हललाय न हललाय इतक्यात. तेवढ्याच स्मिताचा सराव करा. काही आठवड्यांत ती मर्यादा पुढे सरकते. तसंच ओठ गोल करताना डोळा मोठा ठेवण्याचा सराव.

नेदरलँड्समध्ये मूकाभिनयाच्या तंत्रावर उभी राहिलेली ‘माइम थेरपी’ याच विचाराची आहे: चेहऱ्याचे दोन अर्धे एकमेकांशी जुळवणं, भावना आणि हालचाल पुन्हा जोडणं, आणि सैल होणं शिकणं. या टप्प्यात चेहऱ्याच्या पुनर्वसनाचा अनुभव असलेला फिजिओथेरपिस्ट शोधाच. आखडलेपणा फार असेल तर बोटॉक्सच्या (स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनांचा चांगला उपयोग होतो, पण ती देणारे डॉक्टर आणि व्यायाम शिकवणारा थेरपिस्ट एकमेकांच्या संपर्कात असायला हवेत.

करंट लावावा का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. गावोगावच्या दवाखान्यांत चेहऱ्याला विजेचे झटके देण्याची पद्धत रुळलेली आहे. उपचारांवरचे अभ्यास पडताळणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. त्यात करंटचा ठोस फायदा आढळला नाही. प्रत्येकासाठी बेतून दिलेल्या चेहऱ्याच्या व्यायामांचा मात्र, विशेषतः मध्यम आणि जुन्या लकव्यात, काही फायदा दिसला, जरी पुरावा भक्कम म्हणावा असा नव्हता. झटक्याने बरेच स्नायू एकत्र आकुंचन पावतात, आणि हालचाली वेगळ्या शिकवण्याच्या कामाला ते पोषक नाही. माझं मत सरळ आहे: पहिल्या आठवड्यांत करंट घेऊ नका. तो चालू असताना हालचाल परतली तर श्रेय करंटला जातं, पण त्याच काळात नस बहुतेकांची स्वतःहूनच सावरत असते.

नोंद आणि पुढची भेट

आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा: शांत चेहरा, भुवया वर, डोळे हलके मिटलेले, डोळे घट्ट मिटलेले, स्मित, ओठ गोल, आणि ‘पोपट पापड’ हे शब्द. घट्ट मिटण्याची हालचाल फक्त या नोंदीपुरती, एकदाच. रोज आरशात पाहून बदल कळत नाही, दोन आठवड्यांपूर्वीच्या व्हिडिओशी ताडून पाहिलं की कळतो. तपासायला जाताना हेच दाखवा.

तीन आठवड्यांत कुठेही जराशीही हालचाल दिसली नाही, किंवा तीन महिन्यांनंतरही चेहरा पूर्ण सावरला नाही, तर कान-नाक-घसा किंवा मेंदूविकार तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घ्या. एकदा बरी झालेली बाजू पुन्हा लुळी पडली तरीही तपासणी हवीच. आणि पापणी मिटू लागली तरी थेंब लगेच बंद करू नका. रात्री झोपल्यावर डोळा खरोखर पूर्ण मिटलेला राहतो का, ते घरातल्या कोणीतरी टॉर्चच्या मंद उजेडात पाहावं. फट दिसत असेल तोवर मलम आणि टेप चालू ठेवा.